आधी मुक्काम ठरवा, पुस्तकं नंतर: शिडाच्या बोटीवर मुलांना शिकवण्याबद्दल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. बारा मीटरची शिडाची बोट, तुम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. हातात दोन वर्षं. कॅरिबियनमधून निघायचं, पनामा कालवा ओलांडायचा आणि पॅसिफिकमधल्या बेटांवरून ऑस्ट्रेलिया गाठायचं. कोणता अभ्यासक्रम घ्यावा, रोज किती तास शिकवावं आणि परत शाळेत गेल्यावर मुलं मागे पडतील का, हे तुम्ही विचारलंय. अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, मुलाला यायचंच नाहीये असंही लिहिलंय. त्या शेवटच्या ओळीवर मी शेवटीच येते, पण सविस्तर येते.

आमची दोन्ही मुलं उष्ण कटिबंधात, बोटीवरच लिहा-वाचायला शिकली. त्यानंतर तुमच्यासारख्या बऱ्याच कुटुंबांना मी निघण्याआधी आणि वाटेतही मदत करत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते: अभ्यासक्रमाची निवड हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. चांगले चार-पाच आहेत, त्यातला कुठलाही चालतो. बोटीवरची शाळा बंद पडते ती पुस्तक चुकल्यामुळे नाही, मार्ग फार घाईचा आखल्यामुळे. शिकवणारी माणसं तीच, बोट चालवणारी तीच, इंजिन दुरुस्त करणारी आणि रात्री जागणारीही तीच. त्यांच्याकडे सकाळचे तीन शांत तास उरणार की नाही, हे नकाशावर ठरतं.

तुमच्या मार्गाचा हिशेब करून बघू. पनामापासून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत, बेटं घेत घेत, आठ हजार सागरी मैलांच्या आसपास अंतर भरतं. तुमच्या आकाराची बोट लहान मुलांना घेऊन दिवसाला १२० ते १४० मैल कापते असं धरा. म्हणजे साठेक दिवस पाण्यात. दोन वर्षांतले साठ दिवस हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो आणि तिथेच फसगत होते. प्रत्येक लांब टप्प्याच्या आधी किराणा भरणं, डिझेल, पाणी, बंदरातले कागद, हवामान उघडायची वाट बघणं असतं. पोचल्यावर झोप भरून काढायची, उसवलेलं शीड शिवायचं, खारट कपडे धुवायचे, पुन्हा कागद. आठवडाभराच्या एका टप्प्यापायी शाळेचे दोन-तीन आठवडे विस्कटतात, असा माझा अंदाज आहे.

वर ऋतूंचा रेटा आहे. अटलांटिक आणि कॅरिबियनमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. दक्षिण पॅसिफिकमधला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. विम्याच्या अटीही बहुधा याच तारखांना बांधलेल्या असतात. फ्रेंच पॉलिनेशियात (ताहिती, मार्केसास, तुआमोतू वगैरे बेटांत) युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टवर साधारणपणे ९० दिवसच राहता येतं. हे सगळं एकमेकांवर रचलं की लोक पळत सुटतात. पळत्या बोटीवर शाळा होत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. पहिलं वर्ष पूर्ण कॅरिबियनमध्ये काढा. हिवाळ्यात उत्तरेची बेटं बघा आणि जूनपर्यंत दक्षिणेला ग्रेनाडा किंवा त्रिनिदादकडे उतरा. त्या महिन्यांत ग्रेनाडात मुलं असलेल्या पुष्कळ बोटी थांबलेल्या असतात. लांब पल्ले नसतात, त्यामुळे जून ते नोव्हेंबर हा बोटीवरच्या शाळेचा सर्वात भरघोस काळ ठरतो. दक्षिणेला धोकाच नाही असं मात्र नाही. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने ग्रेनाडाच्याच कॅरियाकू बेटाची दैना केली. रोजचं हवामान बघणं आणि कुठे पळायचं ते आधी ठरवून ठेवणं याला पर्याय नाही. दुसऱ्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पनामा आणि मार्चच्या आसपास पॅसिफिक. ते दुसरं वर्ष घाईचं होणारच, त्यामुळे त्यातली शाळा विरळ होणार हे आत्ताच धरून चाला. गणिताचा जड भाग पहिल्याच वर्षी, ग्रेनाडात बसून, पुढचा काही भाग घेऊनच संपवा. मुलगा अपूर्णांकांत पक्का होऊन पॅसिफिकला निघाला, तर मधले चार आठवडे गेले तरी काही बिघडत नाही.

चार आठवडे म्हणते कारण गालापागोस ते मार्केसास हा एकच टप्पा तीन हजार मैलांचा आहे आणि त्याला तीन ते चार आठवडे लागतात. चालत्या बोटीवर पुस्तकी शाळा घेऊ नका. केबिनमध्ये मान खाली घालून वाचलं की डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, कानातला तोल सांगतो सगळं हलतंय. या विसंगतीतूनच बोट लागते. पहिले दोन-तीन दिवस तर नकोच. तुम्हीही तीन-तीन तासांच्या पाळीने जागत असता. अर्धवट झोपलेल्या आईने भागाकार शिकवायला बसावं आणि दोघांनीही रडावं, याने कुणाचंच भलं होत नाही. त्या दिवसांत ऐकायची पुस्तकं, मोठ्याने वाचून दाखवणं, पत्ते, चित्रं आणि दुपारी बाराला नोंदवहीत स्वतःच्या हाताने एक नोंद: जागा, वारा, किती मैल आलो, काय दिसलं. मुलीला दोन ओळी पुरतात. तेवढं नेमाने झालं की मी समाधानी असते.

खरी शाळा नांगर टाकल्यावर. तुम्ही तास विचारलेत. सहा वर्षांच्या मुलीला तास-दीड तास, दहा वर्षांच्या मुलाला अडीच ते तीन. हे कमी वाटेल, पण वर्गात तीस मुलांमध्ये जो वेळ जातो तो इथे जात नाही. एकास एक शिकवताना तीन तासांत मूल थकतं, आणि थकायलाच हवं. सकाळी लवकर बसा. दुपारपर्यंत केबिनमध्ये तीस-बत्तीस अंश होतात, पंख्याची हवाही कोमट होते आणि त्यानंतर शिकवलेलं डोक्यात उतरत नाही. शनिवार-रविवारचा हिशेब सोडून द्या. ज्या दिवशी बोट स्थिर आहे आणि कुणी आजारी नाही, तो शाळेचा दिवस. पाऊस लागून राहिला तर सलग दहा दिवस शाळा करा. शेजारी दोन बोटी भरून मुलं आली तर तीन दिवस सुट्टी द्या.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगते, कारण ती निघण्याआधी कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या आकाराच्या बोटीवर शाळेचं टेबल म्हणजे जेवणाचं टेबल, आणि त्याच्या शेजारी, जिन्याच्या पायऱ्या उचलल्या की, इंजिन. बाबांनी पंप उघडला की हत्यारं, चिंध्या आणि डिझेलचा वास थेट वहीशेजारी येतो. मुलगा उठून इंजिनात डोकं घालतो, जे स्वाभाविकच आहे, आणि शाळा तिथेच संपते. सकाळी आठ ते अकरा पायऱ्या किंवा जमिनीवरची फळी उचलायची नाही, असा नियम दोघांनी मिळून करा आणि पाळा. त्या वेळात दुसऱ्याने डेकवरची कामं करावीत, डिंगी, म्हणजे बोटीची छोटी होडी, घेऊन पाणी आणायला जावं. संडास तुंबला किंवा बोटीत पाणी शिरलं तर गोष्ट वेगळी. शिकवण्याचं कामही एकाच्याच गळ्यात घालू नका, विषय वाटून घ्या. माझ्याकडे भाषा आणि इतिहास होता, नवऱ्याकडे गणित आणि विज्ञान. त्यामुळे माझ्याशी बिनसलं तरी मुलाची पूर्ण सकाळ वाया जात नसे.

आता काय शिकवायचं ते. गणित पायरीपायरीने चढतं, म्हणून त्याला क्रमवार, छापील, उत्तरांसह असलेली पुस्तकमाला घ्या आणि ती सोडू नका. दुसरं, रोजचं लिहिणं. प्रवास हीच शाळा असं बोटीवरची पुष्कळ मंडळी म्हणतात आणि ते अर्धं खरं आहे. बोटीवरची मुलं मोठ्यांशी सहज बोलतात, चार देशांच्या गोष्टी सांगतात, वाचतातही भरपूर. पण डॉल्फिन बघून पाढे येत नाहीत आणि भरभरून बोलणाऱ्या मुलाला परिच्छेद लिहिता येतोच असं नाही. परत शाळेत गेलेल्या ज्या मुलांना मी जवळून पाहिलं, त्यांची अडचण बहुतेक वेळा लिहिण्याचीच होती. वेग कमी, शुद्धलेखन कच्चं, लांब उत्तराची सवय नाही. म्हणून रोज अर्धं पान, विषय कोणताही.

या दोन गोष्टी पक्क्या असल्या की बाकीचे विषय बेटांवर सोडा, आणि तिथे मन मोकळं करून शिकवा. अक्षांश घ्या. ग्रेनाडा साधारण बारा अंश उत्तरेला आहे, म्हणजे तिथे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे बारा अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, मोठ्यांची आणि मुलांचीही, कारण हात आणि मूठ प्रमाणातच वाढतात. मुलीला डेकवर बसवा, मूठ क्षितिजावर ठेवायला सांगा, तारा मुठीच्या जरा वर सापडेल. जसजसे दक्षिणेला जाल तसतसा तो खाली येईल. गालापागोस विषुववृत्तावर आहेत, तिथे तो हाती लागतच नाही. पृथ्वी गोल आहे हे सहा वर्षांच्या मुलीला याहून बरं कसं समजणार?

मुलासाठी त्याच धड्याची पुढची पायरी. कागदी नकाशा पसरा, कंपासपेटीतला कर्कटक द्या आणि दोन बेटांमधलं अंतर मोजायला सांगा. कर्कटकाची टोकं दोन बेटांवर ठेवायची, मग तो तसाच उचलून नकाशाच्या उभ्या कडेवर न्यायचा, आणि तोही त्याच अक्षांशाजवळ. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. तो पहिल्यांदा वरच्या आडव्या कडेवर मोजेल, कारण ती जवळ असते. मोजू द्या. मग दोन उत्तरं वेगळी का आली ते त्यालाच शोधायला लावा. रेखांश ध्रुवांकडे जवळजवळ येतात, नकाशात मात्र समांतर काढलेत, हे त्याला स्वतःला सापडलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्यात अपूर्णांक आले, साठाचे भाग आले, प्रमाण आलं. ताशी पाच मैल वेगाने केव्हा पोचू हे त्याला काढू द्या आणि निघायची वेळ त्याच्या उत्तरावरून ठरवा. तुम्ही गुपचूप पडताळा घ्या, पण उत्तर बरोबर असेल तर खरोखर तीच वेळ पाळा.

पॅसिफिकमध्ये असाच एक धडा आपणहून समोर येतो. डार्विनने १८४२ मध्ये प्रवाळबेटांबद्दल मांडलं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, भोवतीचं प्रवाळ वर वाढत राहतं आणि शेवटी नुसतं कडं उरतं. ताहितीला उंच डोंगर आणि किनाऱ्यालगत प्रवाळ. बोराबोराला मधे उरलेला सुळका, भोवती रुंद खाजण आणि मग प्रवाळाची भिंत. तुआमोतूमध्ये डोंगरच नाही, फक्त कडं. तिन्ही अवस्था एकाच हंगामात, एकाच वहीत काढता येतात. इतिहासाला होकुलेआची कहाणी घ्या. १९७६ मध्ये मायक्रोनेशियातले पारंपरिक नाविक माऊ पियाइलुग यांनी ही दुहेरी होडी एकही उपकरण न वापरता, तारे आणि लाटा वाचत, हवाईहून ताहितीला नेली. लाटेची दिशा पाठीने ओळखायचा प्रयोग मुलांनी डेकवर डोळे मिटून करून बघावा.

सामानाबद्दल थोडंच. दमट खाऱ्या हवेत स्पायरल वह्यांची तार गंजते आणि पानांवर तपकिरी डाग पडतात, म्हणून शिवलेल्या वह्या घ्या. पेन फुटतात, पेन्सिली टिकतात. पुस्तकं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि ऊन पडेल तेव्हा उघडा, नाहीतर बुरशी धरते.

इंटरनेटचं चित्र उपग्रहाच्या छोट्या अँटेनांमुळे गेल्या काही वर्षांत पार बदललंय. तरी शाळा त्याच्यावर टांगू नका. अँटेना बॅटरी खाते, ढगाळ आठवड्यात सौर पॅनल पुरत नाहीत, आणि आधी फ्रीज बंद करायचा की शाळा, हा वाद रोजचा होतो. किविक्स या अॅपवर विकिपीडिया आणि कोलिब्री या अॅपवर व्हिडिओ व सराव आधीच उतरवून ठेवता येतात, इंटरनेट नसलं तरी चालतात. थेट ऑनलाइन वर्गाला तर मी स्पष्ट नको म्हणते. कॅरिबियनमध्ये सकाळी नऊला असलेला वर्ग ताहितीत पहाटे तीनला येतो.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: पहिलं वर्ष संथ, गणित आणि लेखन रोज, चालत्या बोटीवर शाळा नाही, सकाळचे तीन तास दुरुस्तीपासून राखलेले. असं झालं तर मुलं मागे पडायचं सहसा कारण उरत नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून ठरवू शकत नाही. पहिली, कायदा. जर्मनीत शाळेत जाणं बंधनकारक आहे आणि घरी शिकवायला जवळपास परवानगीच नाही. फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवून चालायचं, सप्टेंबर २०२२ पासून आधी मंजुरी लागते. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे. मुलांचं नाव जिथे शाळेत आहे, तिथला नियम निघण्याआधी लेखी मिळवा. दुसरी, परत कुठे जायचं ते. त्याच शाळेत परतायचं असेल तर मुख्याध्यापकांना आत्ताच भेटा, दोन वर्षांनी कोणत्या पाठापासून सुरुवात होईल ते विचारा आणि तोच अभ्यासक्रम न्या. मग निवडीचा प्रश्नच मिटतो. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक लेखन आणि एक गणिताचं पान तारीख घालून जपून ठेवा. परतल्यावर शाळेला काय दाखवायचं ही चिंता त्या फाईलने बरीच कमी होते. तिसरी, दोघांपैकी कुणाला बोट किती लागते ते. जो लांब टप्प्यावर आडवा होतो, त्याच्या वाट्याचं काम दुसऱ्यावर पडतं आणि पोचल्यावर शिकवायला कुणीच उरत नाही. असं असेल तर टप्पे आणखी छोटे करा किंवा पॅसिफिकच्या लांब टप्प्यासाठी एक जादा माणूस घ्या.

तब्येत आणि सुरक्षितता या विषयावर स्वतंत्रच लिहावं लागेल, म्हणून अगदी गरजेपुरतं. कठड्याला सगळीकडून जाळी. चालत्या बोटीवर मुलांनी हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा पट्टा) लावल्याशिवाय बाहेर यायचं नाही, आणि हा नियम तुम्हालाही लागू. बोट लागण्यावर कानामागे लावतात ती स्कोपोलामाइनची पट्टी मुलांसाठी नाही, मुलांचं औषध आणि मात्रा बालरोगतज्ज्ञांकडूनच. प्रवाळाने कापलं की लगेच स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, उष्ण हवेत ती जखम पटकन चिघळते. प्रवाळात राहणाऱ्या मोठ्या माशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. स्थानिक कोळी जो मासा खात नाहीत तो तुम्हीही खाऊ नका.

आता तुमचा मुलगा. दहा वर्षांच्या मुलाचं मित्र सोडून यायला नको म्हणणं हा हट्ट नाही. त्याचं खरंच नुकसान होतंय आणि ते तुम्ही त्याच्यासमोर मान्य करा. समुद्र किती सुंदर आहे, हे त्याला पटवत बसू नका. ज्या घरांत मोठ्या मुलाचं मन शेवटपर्यंत लागलं नाही, तिथे बहुधा त्याचं दुःख सुरुवातीलाच हसून बाजूला सारलेलं मी पाहिलंय.

त्याच्यासाठी तीन गोष्टी करता येतात. मित्रांशी बोलायचा एक ठरलेला वार, आणि त्या दिवशी इंटरनेटवर पहिला हक्क त्याचा. दुसरी, खरं काम. डिंगी चालवणं, नांगर टाकताना पुढे उभं राहून खूण करणं, रेडिओवर शेजारच्या बोटीशी बोलणं. ज्याच्यावर बोट अवलंबून आहे असं काहीतरी. खोटं काम मुलांना लगेच कळतं. तिसरी आणि सर्वात मोठी: मुक्काम निवडताना त्याच्या वयाची मुलं कुठे आहेत ते आधी बघा. जगातली सर्वात देखणी पण रिकामी खाडी आणि गर्दीची, मळकट पाण्याची पण चार मुलांच्या बोटी असलेली खाडी, यात पहिल्या तीन महिन्यांत दुसरीच निवडा. बोटींवर सहा आणि तेरा वर्षांची मुलं एकत्र खेळतात. मैत्री तासाभरात होते, आणि निरोपही लवकर येतो. म्हणून जमलं तर दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर मार्ग जुळवा, म्हणजे महिन्या-दोन महिन्यांनी त्याच मुलांची पुन्हा गाठ पडेल.

पहिले तीन महिने सगळ्यांनाच जड जातात, तेवढ्यावरून काही ठरवू नका. पण ग्रेनाडात पोचल्यावर चौघांनी बसून पुढे जायचं की नाही हे ठरवायचं, असं त्याला आत्ताच सांगा. आणि सांगाल तर त्याचं मत खरोखर धरा. त्यासाठी पनामाच्या पलीकडचा कुठलाही खर्च तोपर्यंत अडकवून ठेवू नका, जादा माणसाला शब्द देऊ नका, आणि कॅरिबियनमध्येच दुसरं वर्ष काढायचं झालं तर बोटीचा विमा आणि मुलांचा अभ्यास कसा चालेल, तेवढं आधी तपासून ठेवा.